ढिगातल्या भाकरी

उघड्यावर म्हणजे नेमकं किती उघड्यावर, यावरून पंचायतीच्या ओट्यावर सकाळपासून वाद चालला होता. ग्रामसेवकाने नवा आदेश फळ्यावर डकवला आणि काढता पाय घेतला होता. मुक्ताबाईचं देऊळ उघडायचं, पण दर्शन पायरीवरूनच. जेवणावळ घालायची, पण उघड्यावर आणि अंतर ठेवून. एवढंच त्यात होतं. बाकीचं गावाने आपल्या अकलेने भरायचं होतं.

"मंडप टाकला तर ते उघडं का झाकल्यालं?" कोणीतरी विचारलं.

"वर कापड, बाजू मोकळ्या," गेणभाऊ म्हणाले. वयाने आणि जिभेने गावात सगळ्यांत वडील. "म्हंजे करोना बाजूनं जाईल भाईर. वरनं यायची त्याला परवानगी न्हाई."

"हसू नका राव. आळेफाट्याला हाटेलवाल्यांनी कवाच भाईर टेबलं मांडल्यात. मिसळ खाताना व्हत न्हाई, आन् आरतीला हुबं राह्यलं की व्हतो. आसा कसला रोग?"

"रोग न्हाई, विलेक्शन आलं आसंल जवळ."

पिंपरी पेंढारच्या अलीकडच्या त्या वाडीत सरकारवर विश्वास ठेवायची पद्धत नव्हतीच. बंद केलं तेव्हा लोक म्हणाले, काहीतरी लपवतायत. आता उघडलं तर म्हणाले, काहीतरी साधतायत. उज्ज्वला ओट्याच्या कडेला उभी राहून ऐकत होती. मंचरला दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची आणि सुट्टीला आईकडे यायची. तिला लोकांचं हसू यायचं, पण आज येत नव्हतं. ती वेगळ्याच गोष्टीची वाट बघत होती.

ती गोष्ट दादाभाऊंनी काढली. भंडाऱ्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "आमटी देवळाम्होरं रांधायची. भाकरी नेहमीसारख्या घरोघरच्या. गोरख ट्रॅक्टर घिऊन फिरंल, ज्यानं त्यानं तयार ठिवायच्या."

"सगळ्या घरच्या?" मागून एक आवाज आला.

सगळ्यांची तोंडं दादाभाऊंकडे वळली. दादाभाऊंनी एकदा उज्ज्वलाकडे बघितलं आणि लगेच नजर फळ्याकडे नेली.

"सगळ्या म्हंजे सगळ्या," ते म्हणाले.

त्या बघण्याचा अर्थ काय, हे उज्ज्वलाला घरापर्यंतच्या वाटेत ठरवता आलं नाही. पण त्यात काहीतरी होतं, एवढं पक्कं.

तिचे वडील हौशीराम वैशाखात गेले. वाडीत त्या रोगाने गेलेला तो एकच माणूस. दवाखान्यातून अंगणात आणलंसुद्धा नाही त्यांना. पुढे घरातले सगळे तपासून झाले, उज्ज्वलाची आई गोजरबाई बरी होऊन शेतात जायला लागली, पण त्यांच्या ओट्यावर चहाला कोणी टेकलं नाही. कोणी वाईट बोलायचं नाही. उलट लांबूनच का होईना, सगळे चौकशी करायचे. शेजारची अंजनाकाकी पूर्वी कालवणाची वाटी पाठवायची, आता द्रोणात पाठवते. द्रोण का, तर भांडं परत घ्यायला नको. उज्ज्वलाने हे बरोबर ताडलं होतं.

"तिची भांडी कमी आसतील गं," गोजरबाई म्हणायची.

"आई, तिच्याकडे भांड्यांनी मांडणी भरलीये."

"मंग तिचं मन कमी आसंल. आपुन काय करायचं त्याला?"

पण भंडाऱ्याचं कळलं तशी गोजरबाई एकदम उठली. नवी बाजरी पाखडून गिरणीत देऊन आली, तवा घासला. घरात माणूस गेलेला, म्हणून वर्षभर सण करायचा नव्हता. पण भंडारा हा सण नव्हे, ते देवीचं देणं. गावातल्या प्रत्येक चुलीची भाकरी देवळापुढं एका जागी जमायची आणि कोणाची कोणाच्या पानात पडली याचा हिशेब राहायचा नाही. त्यात आपली भाकरी असली, की आपलं घर गावात आहे. गोजरबाईला एवढंच पाहिजे होतं आणि ते ती तोंडाने म्हणत नव्हती.

उज्ज्वलाला मात्र वेगळीच शंका कुरतडत होती. भाकरी नेतील, नाही कशाला म्हणतील? तोंडावर नाही म्हणणारी माणसंच नव्हेत ही. नेतील, हसतील, काकू कशाला एवढ्या केल्या म्हणतील, आणि देवळाच्या मागे नेऊन गोरखच्या गाईंपुढे टाकतील. आई समाधानाने झोपेल आणि अख्खं गाव मनातल्या मनात हसेल. हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि नुसता संशय घेऊन बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. प्रयोगशाळेत ती शिकली होती की वाटतं म्हणून काही खरं ठरत नाही, तपासावं लागतं. आणि तपासायचं तर नमुना ओळखू यायला हवा.

म्हणून भंडाऱ्याच्या सकाळी चुलीपुढे बसून तिने तिळाचा डबा पुढे ओढला.

"आता आज काय भोगी हाय का?" गोजरबाई थापता थापता म्हणाली.

"घरचे नवे तीळ आहेत. बाबांना आवडायची ना तिळाची भाकरी."

गोजरबाईचा हात काठवटीत थांबला. मग तिने थापलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवला आणि लेकीसमोर धरली. उज्ज्वलाने तीळ पेरले, तळहाताने दाबले. बाबांचं नाव असं वापरल्याचं तिला टोचलं. तरी तिने एकही भाकरी बिनतिळाची जाऊ दिली नाही.

ट्रॅक्टर दारात आला तेव्हा पाटीभर भाकरी फडक्यात बांधून तयार होत्या. गोरख खाली उतरला, मास्क हनुवटीवर, हात जोडून.

"काकू, लई वास सुटलाय! तीळ लावलं व्हय? झ्याक!"

त्याने पाटी घेतली. ट्रॉलीत पांढऱ्या धोतरावर भाकऱ्यांच्या चवडी लागल्या होत्या. गोरखने त्यांची पाटी चवडीवर न रिचवता तशीच कोपऱ्यात, जू बांधायच्या दोरखंडाशेजारी ठेवली.

"तिकडे का रे?" उज्ज्वलाने विचारलं.

"गरम हायती ना, ताई. आत्ता वर टाकल्या तर घाम सुटून खालच्या वल्ल्या व्हतील."

कारण चोख होतं. उज्ज्वलाला चोख कारणांचाच जास्त संशय यायचा. ट्रॅक्टर हलला तशी तीही चप्पल घालून मागे निघाली. वाटेत गोरख चार दारांत थांबला, हसला, बोलला. त्यांची पाटी कोपऱ्यातून हलली नाही.

देवळापुढच्या पटांगणात कढईखाली लाकडं भडकली होती आणि आमटीचा तांबडा तवंग उकळत होता. उज्ज्वला पिंपळाच्या आडोशाला उभी राहिली. गोरखने ट्रॉली मागे घेऊन लावली. दादाभाऊ स्वतः वर चढले. एकेक चवड उचलून खाली चादरीवर रिचवत गेले, बाजरीच्या, ज्वारीच्या, कोणाच्या जाड, कोणाच्या पानासारख्या पातळ. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली पाटी उचलली आणि ती घेऊन खाली उतरले. दादाभाऊंनी ती ढिगाच्या बरोबर मधोमध उलटी केली आणि दोन्ही हातांनी ढीग वरखाली केला, धान्य कालवावं तसा.

झालं. तिचा तर्क चुकला होता. चुकल्याचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता. ती पिंपळामागून बाहेर आली आणि पाण्याची कळशी उचलून कामाला लागली.

पहिली पंगत पुरुषांची बसली. दोन-दोन हातांवर पत्रावळी, वर आभाळ. मंडप शेवटी टाकलाच नव्हता. गोरख आणि त्याच्या जोडीचे भाकरी वाढत निघाले. मधल्या रांगेत गेणभाऊंच्या पानात तिळाची भाकरी पडली.

"आरं तिच्या! भोगी सरकारनं आदीच उघडली का काय?"

पंगत हसली. "कुणाची रं ही तिळाची?" पलीकडून कोणी विचारलं.

"काकूंची," गोरख पाटी सांभाळत कौतुकाने म्हणाला, "हौशीरामतात्याच्या घरची. घरचं तीळ हाय, खाऊन तर बघा!"

हसणं एकदम तुटलं नाही. ते जरा वेळाने, रांगेच्या कडेकडेने विझत गेलं. ज्याच्या पानात तिळाची भाकरी होती त्याला ती दिसत होती, आणि शेजाऱ्यालाही दिसत होती. एकाने ती उचलून पानाच्या कडेला सारली. दुसरा म्हणाला, "माझा दात दुखतोय, मला मऊ ज्वारीची दे." तिसऱ्याने काहीच न म्हणता पाटीत परत टाकली. गेणभाऊंचा हात आमटीच्या द्रोणात होता, तो तिथेच घुटमळला. मग त्यांनी भाकरी सावकाश, जणू विसरल्यासारखी, पत्रावळीखाली सरकवली.

उज्ज्वला कळशी घेऊन उभी होती. राग कोणाचा करावा ते तिला कळेना. बिनतिळाची असती तर यातली प्रत्येक भाकरी आत्ता आमटीत कुस्करली गेली असती. कोणी विचारलं नसतं, कोणाला सांगता आलं नसतं. लोक काय करतात ते बघायला तिने खूण घातली, आणि ती खूण बघूनच लोकांनी ते केलं.

दादाभाऊ तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "तीळ कशाला लावलं गं, पोरी?"

तिने कळशी दुसऱ्या हातात घेतली.

"मला ठावं व्हतं, लोकं अजून बिचकत्यात. म्हनून तर मी पाटी मधी वतली. ढिगाला घर नसतंय. यकदा सगळ्यांच्या पोटात गेली आसती, मंग मी सांगणार व्हतो, खाल्ली का न्हाई? काय झालं का?" त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. "वर चढलो तवा तीळ दिसलं मला. म्हनलं, जाऊ दे, कुणाच्या ध्यानात यायचं न्हाई. आन् ह्यो गोरख्या बोलला."

"त्याने चांगल्या मनानेच सांगितलं, काका."

"चांगल्या मनानंच. तेच तर, त्याला बोल तरी काय लावायचा?"

मग बायकांची पंगत बसली. गोजरबाई मधल्या रांगेत, नव्या लुगड्यात. तिच्या शेजारी अंतरावर अंजनाकाकी, दुसऱ्या बाजूला उज्ज्वला. गोरख दोन पाट्या घेऊन आला. एकीतून वाढत होता, दुसरी काखेत दाबून धरली होती. तिच्यात परत आलेल्या भाकरी होत्या. त्याचं तोंड मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गोजरबाईच्या पानात त्याने ज्वारीची भाकरी टाकली आणि पुढे सटकायला लागला.

"थांब रं."

"काय काकू?"

"ती काखंतली पाटी खाली ठिव."

"ती... ती गाईला ठिवलीय काकू. मोडक्या हायती."

"माझ्या हातची भाकरी मोडत न्हाई. ठिव."

त्याने ठेवली. उज्ज्वला पुटपुटली, "आई, माझी चूक आहे. मी तीळ..."

"मला काय कळत न्हाई व्हय? भोगीला दोन म्हैने हायती आन् लेकीला तीळ आठवल्यात." गोजरबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. मग तिने पाटीतली एक भाकरी काढली, मोडून आमटीत बुडवली, खाल्ली. पदराने ओठ पुसले आणि आवाज न चढवता, पण सगळ्या रांगेला जाईल असं म्हणाली, "आमच्या घरची हाय बायांनो. मालक गेलं त्या घरची. चोरून कुणाच्या पानात घालायची न्हाई मला. ज्येला पायजे त्यानं मागा. नको आसंल त्येनं नको म्हना, दाताचं नाव सांगू नका."

कढईखालचं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. बायका पानांत बघत राहिल्या. दोघी-तिघींनी पदर तोंडावर ओढला. उज्ज्वलाला वाटलं, आई आता उठेल, आणि उठली तर गावातून उठेल.

"दे इकडं येक," अंजनाकाकी म्हणाली. तिचा आवाज चिरका लागला होता. "कवाधरनं वास सुटलाय मेला."

गोजरबाईने भाकरी दिली. हात हाताला लागला. अंजनाकाकीने भाकरी पानात ठेवली. पलीकडून गेणभाऊंची सून बयाबाई म्हणाली, "आर्धी मला." बाकीच्या गप्पच राहिल्या. कोणी नको म्हटलं नाही, आणि कोणी मागितलीही नाही. पाटीत बऱ्याच उरल्या.

उज्ज्वलाची नजर अंजनाकाकीच्या हातावरून हटेना. मागितली खरी, पण खाईल का? काकी भाकरी कुस्करत होती. खूप बारीक कुस्करत होती. दिसायला घेतली आणि पानाखाली सारली, असं तर नाही? सासऱ्यासारखीच बयाबाईही पत्रावळ जरा उचलते आहे का? काकीने घास उचलला. थांबली. तोंडात घातला. चावला. गिळला की नाही?

"लोकांच्या पानात काय बघतीयास?" गोजरबाई म्हणाली. "जेव."

उज्ज्वलाने खाली बघितलं. तिच्या पत्रावळीवर गोरखने वाढलेली भाकरी तशीच होती. जाडसर, एका बाजूला करपलेली, कोणाच्या तरी घरची. तिने तिला अजून हात लावला नव्हता. पडल्या क्षणीच तिच्या मनात आलं होतं, ही कोणाच्या घरची असेल, आणि त्या घरात सध्या कोण खोकतंय. मग आईच्या गडबडीत ते मागे पडलं होतं, पण गेलं नव्हतं. आत्तासुद्धा ती करपलेल्या कडेवरून करणारीचा हात ओळखायचा प्रयत्न करत होती.

बाजूला आई जेवत होती. अंजनाकाकी काहीतरी बोलत होती, आमटीला मीठ कमी आहे असं.

उज्ज्वलाने भाकरी मोडली आणि आमटीत घातली.