मला बर्फात ठेवलं

मी नळी बोलतेय. रक्त घेतात ना, ती, बोटाएवढी. कारखान्यात माझ्या पोटात थोडं औषध घातलं, रक्तातल्या पेशी काही दिवस जशाच्या तशा राहाव्यात म्हणून. दवाखान्याच्या खणात साखर तपासायच्या नळ्या भराभर संपायच्या आणि मी आपली पडून. माझी गरज फार थोड्यांना लागते. खरं तर ती कुणालाच लागू नये.

आज लागली. शिवणकाम करणारी एक बाई खुर्चीत बसली. डोक्याला रुमाल, शेजारी नवरा. तिच्या छातीतल्या गाठीवर केमो चालू होती. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं, "गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात हिंडतात. त्या मोजायच्या. कमी झाल्या तर औषध लागू पडतंय. नाहीतर लगेच बदलायला हवं, वेळ दवडून चालणार नाही."

शीर काही सापडेना. सिस्टरनं चार ठिकाणी टोचलं. "सुईत दोरा याहून लवकर ओवते मी," बाई म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

शेवटी मी भरले. मोजणी शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हायची आणि नमुने नेणारा माणूस आला नव्हता. सिस्टरनं मला नवऱ्याच्या हाती दिलं. "दादा, थेट तिकडे न्या." बर्फात ठेवू नका, असं माझ्या अंगावर छापलेलं होतं, नेमकी त्यावरच तिनं नावाची चिठ्ठी चिकटवली.

नवऱ्याची दुधाची डेअरी. कितीही उकडो, वीज जावो, त्याच्याकडचं दूध कधी नासलं नाही. वाटेत दुकानात थांबून त्यानं मला बर्फाच्या डब्यात गळ्यापर्यंत रोवलं. "दूध नासू देत नाही, तुझं रक्त नासू देईन होय?" तो फोनवर बायकोला म्हणाला. किती मायेनं म्हणाला! मला ओरडावंसं वाटत होतं. गारठ्यानं माझ्यातल्या गाठीच्या पेशी फुटू लागल्या होत्या. माझ्यातल्या मेल्या म्हणून तिच्या अंगातल्या थोड्याच मरणार?

प्रयोगशाळेच्या दारात त्यानं मला कोरडं पुसलं, गिऱ्हाइकाला बाटली देताना पुसतो तसं. खिडकीतल्या ताईंनी मला हातात घेतलं. "इतकी गार कशी?"

"बर्फातून आणली ना," तो छाती फुगवून म्हणाला.

"मग ही चालणार नाही. परत रक्त द्यावं लागेल."

त्याचा चेहरा उतरला. "ताई, हीच तपासा ना. तिची शीर सापडत नाही हो."

"तपासली तर आकडा छान कमी येईल, दादा. तुम्हाला हवा तसा. पण खोटा येईल. आणि त्या भरवशावर तेच औषध चालू राहील."

त्यानं बायकोला फोन लावला. "माझं चुकलं गं," एवढंच तो दोनदा म्हणाला आणि कसंबसं झालेलं सांगितलं. पलीकडून तिचा आवाज आला.

"घरी या आधी. उद्या जाऊ परत. टोचू देत. आणि अहो, तो डबा दुकानातच ठेवा."

आता मी कचऱ्याच्या पिशवीत पडले आहे. दारातून तो दिसतोय. पायरीवर बसून डब्यातला बर्फ गटारात ओततोय.

मला टाकलं म्हणून हळहळू नका. माझ्या पोटात चांगली बातमी होती, तिचीच मला भीती वाटत होती. उद्या माझी बहीण भरेल, त्याच सुजलेल्या हातातून. तिच्यातला आकडा लहान निघो. आणि मोठा निघायचाच असेल, तर तो लवकर कळो.