बनुबाईची अट

विजयमालाने पट्ट्याला धरून मेजरला पाण्याबाहेर ओढलं आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. आत उडी मारताना कुत्रा पांढराशुभ्र होता. बाहेर आला तो वांग्याच्या रंगाचा! त्याने अंग झाडलं मात्र, तिच्या पातळावर, फरशीवर आणि नाथाजीच्या कडक इस्त्रीच्या खाकी पँटवर जांभळे शिंतोडे उडाले.

"नाथाजी, पाण्यात टाकलंत तरी काय?"

"लाल औषद, वैनीसाब. हिरीत टाकत्यात तेच. आमच्या मेसच्या पवायच्या पुलात मी सोताच्या हातानं टाकायचो."

"किती टाकायचा?"

"चिमूटभर."

"आणि आज?"

नाथाजीने हातातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं.

"तितला पूल ल्हान व्हता," तो म्हणाला.

नाथाजी गावचा रिटायर हवालदार. पलटणीत साहेबांचा पोहण्याचा तलाव आपण दहा वर्षं सांभाळला, असं तो पारावर बसून इतक्यांदा सांगत आला होता की, त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं असावं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! पण लालासाहेब त्या बोलण्याला भुलले, पूल साफ ठेवायला त्याला नेमला आणि तिसऱ्याच दिवशी ही शोभा झाली.

लालासाहेब म्हणजे विजयमालाचे सासरे. कराडजवळच्या त्या गावातला निम्मा ऊस त्यांचा. गेल्या साली मुंबईच्या एका हॉटेलात निळंशार पाणी बघून आले आणि हट्टाला पेटले. बंगल्यामागे पुरुषभर उंचीची भिंत घातली, पत्र्याचं फाटक बसवलं आणि आत तसाच पूल बांधला. लालासाहेब त्याला 'स्विमिंग पूल' म्हणत, गाव 'मालकांचा हौद' म्हणे. स्वतः मालक त्यात गुडघ्याच्या वर कधी उतरले नव्हते. पाहुणे आणायचे, काठावर खुर्च्या टाकून चहा पाजायचा आणि "बारा फूट खोल आहे" म्हणून सांगायचं, एवढाच त्याचा उपयोग.

कुत्रा विजयमालाच्या नवऱ्याचा. कॅप्टन दौलतराव सरहद्दीवर होते. गेल्या सुट्टीत डोंगरातलं हे केसाळ जनावर घेऊन आले, त्याचं नाव मेजर ठेवलं आणि परत गेले. घरात कॅप्टनपेक्षा वरच्या हुद्द्याचा कुत्रा! नाथाजी त्याला येता-जाता सलाम ठोकत असे.

आरडाओरडा ऐकून लालासाहेब आले. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं, मग नाथाजीकडे पाहिलं. नाथाजीने सलाम ठोकला.

"हवालदार, घरला जावा," लालासाहेब म्हणाले. मग सुनेकडे वळले. "आमची निवड तर जांभळी निघाली. सूनबाई, तुम्ही शिकल्यासवरलेल्या. आता पुलाचं माणूस तुम्हीच निवडा."

"बरं, मामासाहेब," विजयमाला खाली मान घालून म्हणाली. मान खाली घातली ते बरंच झालं, नाहीतर तिच्या तोंडावरचा आनंद त्यांना दिसला असता.

कारण सांगलीची ही पोर लहानपणापासून कृष्णेच्या अंगाखांद्यावर खेळलेली. घाटावरून सूर मारून पलीकडचा काठ गाठायचा आणि दम न खाता परत यायचं, हा तिचा रोजचा उद्योग. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "पोहण्याचं तिकडं काही काढू नकोस बाई. मोठ्या घरची माणसं, काय म्हणतील?" तिने नाही काढलं. चार वर्षं झाली. परसात पूल खणायला लागले तेव्हा ती रात्र-रात्र जागी राहिली होती. आणि पूल भरला त्याच दिवशी लालासाहेबांनी फर्मावलं, की तिकडं गड्यांचा राबता असतो, बायकांनी पोहायला उतरायचं नाही.

म्हणजे सगळी गोम पुलाच्या माणसात होती. तिथे दिवसभर बाप्या बसला तर संपलंच. बाई बसली तर? ह्या 'तर'सरशी ओला जांभळा कुत्रा कडेवर घेऊन ती जवळजवळ पळतच घरात गेली.

जांभळं पाणी उसाला सोडून दिलं. विहिरीवरची मोटार दोन दिवस चालवून पूल पुन्हा भरला. मेजर मात्र वाळला तसा काताच्या रंगाचा झाला. रिठे झाले, शिकेकाई झाली, साबणाच्या दोन वड्या झाल्या. रंग हटेना आणि केसांच्या गाठी होऊन बसल्या त्या वेगळ्याच. शेवटी सासूबाई, चंद्राबाई, म्हणाल्या, "त्येला आता मेंढरावानी कातरल्याबिगर गत न्हाई. बनुबाईला सांगावा धाडते."

बनुबाई माणची. बहात्तरच्या दुष्काळात तिची मेंढरं गेली, नवरा मुंबईला गोदीत गेला आणि लोकर कातरायची कातर तेवढी तिच्याजवळ उरली. ती घेऊन शुक्रवारी सकाळी ती पुलाच्या काठाला आली. गुडघे धरलेले, म्हणून पाय लांब सोडून फरशीवर बसली आणि मेजरला मांडीवर आडवा घेतला. जन्मात कुणाचं न ऐकलेला मेजर मुकाट पडून राहिला.

"पाय धरा, वैनीसाब. आमी मेंढरू आदी धुतो, मग कातरतो. तुमी आदी रंगवलाय!"

विजयमाला खळखळून हसली. कातर कचाकच चालू लागली.

नेमक्या त्याच वेळी पूल साफ करायचं यंत्र विकणारा पुण्याचा एजंट लालासाहेबांबरोबर येऊन ठेपला. गळ्यात टाय, बरोबर जीपभर सामान: चाकांचा पंप, लांबलचक रबरी नळी आणि तळावरून फिरवायचा पत्र्याचा जबडा.

"साहेब, बटण दाबायचं. तळातला गाळ, वरचा कचरा, सगळं हे ओढून घेतं."

"अस्सं!" लालासाहेबांचे डोळे लकाकले. एजंटाशी ते अगदी पुस्तकी बोलत होते. "आणि हे चालवणार कोण?"

"आमचा माणूस राहील ना! इथं काठालाच त्याला एक खोली बांधून द्या. दिवसरात्र हजर."

विजयमालाच्या हातातून मेजरचा पाय सुटला. दिवसरात्र! लालासाहेब तर पंपावरून असा हात फिरवत होते, जसा बैलबाजारात खिल्लार खोंडाच्या पाठीवर फिरवावा.

यंत्र सुरू झालं. घर्र घर्र करत नळी थरथरली, जबडा तळाशी गेला, मागच्या तोटीतून गढूळ पाणी पडायला लागलं. "वा!" लालासाहेब म्हणाले. आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. बनुबाईच्या पुढ्यातला केसांचा ढीग उडाला, तो थेट पाण्यात. घर्रघर्रीची घुरघुर झाली, मग आचका दिल्यासारखा आवाज आला आणि यंत्र गप्प.

एजंटाने टाय खांद्यावर टाकून पंप उघडला आणि आतून ओल्या केसांचा बोळा उपसला.

"साहेब, हे कुत्र्याच्या केसांसाठी नाही बनवलेलं."

"पण पूल कुत्र्याच्याच घरात आहे," लालासाहेब म्हणाले.

बनुबाईने शेवटची बट कातरली, मेजरच्या ढुंगणावर चापट मारून त्याला सोडला आणि फरशीला हात टेकून उठली.

"वैनीसाब, नऊवारी जुनेर हाय का एखादं?"

विजयमालाने धावत जाऊन आणलं. बनुबाईने त्याच्या एका काठाला जागोजाग खडे बांधले, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं विजयमालाच्या हातात देऊन तिला पलीकडच्या काठावर धाडलं. खड्यांचा काठ पाण्यात बुडाला, वरचा तरंगत राहिला. दोघी दोन काठांनी चालू लागल्या आणि पाण्यावरचे केस, पाचोळा, मेलेले किडे, सगळं त्या लुगड्यापुढे सरकू लागलं. टोकाशी पायऱ्या होत्या. जुनेर गोळा करायला विजयमाला दोन पायऱ्या उतरली. थंड पाणी घोट्याला लागलं, पोटरीला लागलं. ती हसली. का हसली ते कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

"आता तुरटी फिरवा," बनुबाई सांगत होती. "रातभरात गाळ तळाला बसतोय. सकाळी खालची तोटी सोडा, गाळ भाईर. आमच्या माणात हिरीच्या तळाला तांब्याभर पानी. ते निवळूनच प्यालो आमी. न्हाईतर जगलो असतो व्हय?"

"मामासाहेब," विजयमाला काठावरून म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा निघालेला ऐकून तीच दचकली, "मी बनुबाईंना निवडलं."

"बाईमाणूस?" लालासाहेबांनी यंत्राकडे एकदा पाहून घेतलं. जीव अजून तिथेच अडकला होता. "बघू. आधी चहा घेऊ."

चहा झाला. एजंट आणि लालासाहेब व्हरांड्यात बसले. चंद्राबाईंनी बनुबाईला परसदारी नेलं आणि तिथेच कपबशी दिली. विजयमाला खांबाला टेकून उभी राहिली. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून पुन्हा पुन्हा बघत राहिली. परसदारचा चहा काही लवकर संपेना. अखेर बनुबाई तोंड पुसत आली आणि थेट लालासाहेबांच्या पुढ्यात उभी राहिली.

"मालक, काम मी करीन. पर माजी एक आट हाय."

"अट? बोल की."

"मला लुगडं खोचून पान्यात उतरावं लागनार. दुपारचं बारा ते तीन एकबी बाप्या फाटकाच्या आत फिरकायचा न्हाई. तुमीसुदिक न्हाई."

"माझ्याच पुलावर मलाच बंदी?"

"मग?" दारातून चंद्राबाई म्हणाल्या. "बाईमानूस तुमच्या गड्यांम्होरं भिजंल व्हय? आन सूनबाईला निवडाया सांगितलं तुमीच. आता सबूद फिरवता का?"

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, एजंटाकडे बघून खांदे उडवले.

"बरं. बारा ते तीन."

विजयमाला आत गेली, न्हाणीघराचं दार लावलं आणि दोन्ही हात तोंडावर दाबून लहान पोरीसारखी जागच्या जागी उड्या मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. "बनुबाईचं काम बघून येते," असं सासूला सांगून ती निघाली. ताकास तूर लागू द्यायची नव्हती. आधी नुसतं पायरीवर बसायचं, मग पाय घसरल्यासारखं करायचं, मग बनुबाईला शपथ घालायची. सगळा बेत तिने रात्रीच रचला होता. फाटकातून आत आली. पाणी इतकं नितळ होतं की तळाची फरशी मोजता यावी.

बनुबाई सावलीला पाय पसरून बसली होती. अंगावर पाण्याचा थेंब नाही. तिने हळूच उठून फाटक ओढून घेतलं आणि एक घडी विजयमालाच्या हातात ठेवली.

"हे नेसा. काष्टा घाला. सहावारी पायात गुततंय म्हनल्या."

घडी उलगडली. सासूबाईंचं जुनं इरकली लुगडं होतं.

"कोण म्हणाल्या?"

"कोन म्हंजे? आईसाब. आन ती आट काय माजी व्हती व्हय? माजं गुडगं मला तीन पायऱ्या उतरू देत न्हाईत, आन पवाया तर मला येतच न्हाई. चा पाजला आन म्हनल्या, एवढं बोल. न्हाईच ऐकलं तर दोनदा बोल."

विजयमालाने लुगडं नाकाशी धरलं.

"पण त्यांना... मी तर कधी काही बोलले नाही."

"काल जुनेर धरून पान्याकडंनं चालत व्हता न्हवं, तवा त्या माडीवरनं बगत व्हत्या. चार वर्सांत पोरगी अशी हसल्याली बगितली न्हाई, म्हनल्या. आता उभ्या का? वेळ थांबतीया व्हय कुनासाठी?"

विजयमालाने भराभरा लुगडं नेसलं, काष्टा घट्ट खोचला. पायऱ्यांकडे ती गेलीच नाही. खोल बाजूच्या काठावर उभी राहिली, हात जोडून पुढे घेतले आणि सूर मारला. पाणी कानावरून सळसळत गेलं. खाली, आणखी खाली. हात तळाला लागला तशी ती मासोळीसारखी वळली आणि वर येऊन मोठ्याने, अगदी मोकळ्या गळ्याने हसली. हात काही विसरले नव्हते. एक फेरी झाली, दुसरी झाली, सातवी झाली. दंड भरून आले, तरी थांबवेना.

भिंतीपलीकडे वहाणा वाजल्या. विजयमाला फाटकाजवळच्या काठाला धरून थिजली.

"अगं, कराडचं पावणं आल्यात," लालासाहेबांचा आवाज आला. "वाईच पूल दाखवतो त्यास्नी."

"बनुबाई पान्यात हाय," चंद्राबाई म्हणाल्या. त्या अगदी फाटकाला पाठ लावून बसल्या असाव्यात. सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"लांबनं ऐकतोय मी, लई जोरात हात मारतीया. दमंल आन बुडंल एखादी. माणची बाई, तिला कुठलं एवढं पाणी ठावं?"

"बुडायची न्हाई. कृष्णाकाठची हाय ती."

सूप थांबलं. आत बनुबाईने पदर तोंडात कोंबला. विजयमालाने श्वास धरला. मग लालासाहेबांनी घसा खाकरला.

"चला पावणं," ते मोठ्याने म्हणाले, "आधी गुऱ्हाळ बघू."

वहाणा चार पावलं गेल्या आणि परत आल्या.

"हे बघ," ते फाटकाशी वाकून म्हणाले, आणि आवाज बराच खाली आला होता. "तीनलाच कशाला थांबाया पायजे? बनुबाईला म्हणावं, चारपातुर चालंल. मी गड्यांना सांगतो."

वहाणांचा आवाज लांब गेला. विजयमालाने भिंतीला पाय टेकवले, छातीभर श्वास घेतला आणि पलीकडच्या काठाकडे झेप घेतली.