चादरीचं दुसरं टोक

एक्स-रे आला आणि मुकादमीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. हाड शाबूत, सांधा शाबूत, आणि आपल्या हाताखालची ही धाकटी म्हणते उजवा हात वर जातच नाही! हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, हात वर करून चादर झटकायची, मग चालत पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. हातच उचलला नाही तर काम कसलं डोंबलाचं?

"सोंग आहे का ते बघा," साहेब म्हणाले होते. "असलं तर उद्यापासून तिला घरी बसवू."

बाईंना सोंगांचा भारी तिटकारा. पोटदुखीवाल्या, चक्करवाल्या, कितीजणींचं पितळ त्यांनी उघडं पाडलं होतं. न सांगता त्या धाकटीच्या घरी थडकल्या. दार उघडंच होतं. आत धाकटी उंच दोरीवर कपडे वाळत घालत होती. उजव्या हातानं!

"वा गं वा! सापडलीस की!"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "घरी हात वर जातो हो बाई. तिथंच जात नाही. मलाच कळत नाही."

"मला कळतं. उद्या माझ्यासमोर घडी घालायची."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः थोरलीच्या जागी उभ्या राहिल्या. थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. घरच्याच दोघी, पटापट काम उरकेल, म्हणून ही जोडी बाईंनीच लावली होती. चादर झटकताना धाकटीचा हात सरळ वर गेला. बघा, म्हटलं नव्हतं! पण दोघी पुढे आल्या, तोंडासमोर तोंड आलं, तशी धाकटीनं डोळे गच्च मिटले, मान फिरवली आणि हात लुळा पडला. दुसऱ्या चादरीला तो छातीच्या वर गेलाच नाही. पोरगी घामानं निथळत होती. असला घाम काही ठरवून आणता येत नाही.

बाईंचा संशय आता भलतीकडे वळला. यंत्रांच्या घरघरीत दोन पावलांवरून ओरडलेलं ऐकू येत नाही. ऐकू येतं ते फक्त इथं, टोकं जुळतात तिथं. आणि थोरली पलीकडून फारच टक लावून बघत होती.

"इथं आल्यावर काय म्हणते ती तुला?"

धाकटीनं हातातलं टोक चुरगाळलं. मग म्हणाली, "दर चादरीला एकच. पोटातलं धरून ठेवता आलं नाही, चादर काय धरणार."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली "थट्टा केली हो" म्हणेपर्यंत त्यांनी तिला इस्त्रीच्या खोलीत पिटाळलं होतं. मग त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"सोंग नाही साहेब. हात खरंच वर जात नाही तिचा."

"मग तर काही उपयोगाचीच नाही. कमी करा तिला."

बाईंना आता कुठं उमगलं. खोटी ठरली असती तरी गेली असती, खरी ठरली तरी जाणार! मेलं, मग आपण शोधत काय होतो?

"तिच्या जोडीला मी उभी राहते," त्या म्हणाल्या. "चादरी कमी भरल्या तर मला बोला."

"बघा बुवा. तुमच्या भरवशावर," साहेब कुरकुरले.

बाई परत आल्या आणि चादरीचं टोक धरलं. धाकटीचा हात छातीशी येऊन अडला. बाईंनी गुडघे वाकवले, आपली टोकं खाली आणली आणि पुढे येऊन तिच्या टोकांना लावली. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

"पुढची घे," बाई म्हणाल्या.