सतरावी ओळ

सुनेचं बाकी सगळं ठीक होतं, पण विचारायची म्हणून तिला सवय नव्हती. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या, विचारलं नाही. सासऱ्यांची बारा वर्षांची लाडकी बंडी फाडून फरशी पुसायला घेतली, विचारलं नाही. मावशींनी हे सगळं पोटात घातलं होतं. म्हणजे रोज एकदा बोलून दाखवायचं आणि मग पोटात घालायचं. पण पंधरा दिवस पलीकडच्या तुकड्यात काम करून आज सकाळी या शेतावर पोचल्यावर जे दिसलं, ते पोटात मावणारं नव्हतं. सतराव्या ओळीतली मक्याची पाच ताटं कोणीतरी बुडापासून कापून नेली होती. कोणी, ते शोधायची गरज नव्हती. असा उलटा तिरपा घाव या बियाणे केंद्रावर एकच बाई घालायची. ती डावखुरी होती आणि मावशींच्याच घरात राहायची.

"माझ्या ओळीला हात लावला," मावशी गोदामवाल्याला म्हणाल्या. तो कागदी पिशव्यांचे गठ्ठे मोजत बसला होता.

"मग तिलाच विचारा की."

"मी विचारू? तिनं मला विचारलं होतं?"

यावर गोदामवाल्यानं पिशव्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.

मावशी सव्वीस वर्षं या केंद्रावर होत्या. लोकांना वाटे, त्या मक्याची लग्नं लावतात. खरं तर लग्नं होऊ न देणं हे त्यांचं काम. कणसाच्या शेंड्याला केसांसारखं रेशीम फुटायच्या आधी त्याला कागदाची टोपी घालायची, तुऱ्यावर पिशवी बांधायची आणि त्याच ताटाचा पराग त्याच ताटाच्या रेशमावर झटकायचा. वाऱ्यावर हिंडणारा परका कण आत शिरता कामा नये. असं सात-आठ पिढ्या केलं की वाण शुद्ध होतो. शुद्ध होतो, पण दिसायला अगदी बिचारा. सगळी रोपं एकसारखी बुटकी, काटकुळी, आजारातून उठल्यासारखी. मावशींच्या हातच्या वाणाला एक लांबलचक आकडी नंबर होता, पण सगळे त्याला किरटी म्हणत. अशा दोन वेगळ्या घराण्यांतल्या किरट्यांची सोयरीक जमवली, की जे पोर उगवतं त्याच्याकडे आईबापांनी मान वर करून बघावं. सगळीकडे खपायचं ते या पोराचं बियाणं. पण आईबापातच भेसळ असेल तर पोराचा काय भरवसा?

म्हणून प्रत्येक पिशवीवर, ज्या हातानं टोपी घातली आणि पराग टाकला त्या हाताची खूण असे. पुढच्या हंगामात एका कणसाचे दाणे एका ओळीत पेरत आणि ओळीच्या तोंडाशी लाकडी पाटीवर तीच खूण काढत. मावशी दुसरीपर्यंत शिकलेल्या, त्यातली पहिली दोनदा. त्यांची खूण म्हणजे गोल आणि मध्ये टिंब. सव्वीस वर्षांत गोलटिंबाच्या ओळीत वेडंवाकडं रोप निघालं नव्हतं, आणि हे केंद्रावर ज्याला माहीत नव्हतं त्याला मावशी स्वतः सांगत. सून दोन हंगाम त्यांच्या मागून पिशव्या वाहत होती. तिला अजून खूण नव्हती. मावशींनी शब्द टाकल्याशिवाय केंद्राच्या मुख्य मॅडम कोणाला खूण देत नसत, आणि मावशींचा शब्द अजून पिकत होता.

सून आधी भाजीच्या रोपवाटिकेत होती. तिथं मरतुकडी रोपं उपटतात आणि टवटवीत ठेवतात. इथंही तेच केलं असणार, मावशींनी मनाशी ठरवलं. सगळ्यात गरीब दिसणारी पाच लेकरं शोधून कापली असणार. रागानं त्या ओळीत परत जाऊन एका बुडख्यापाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी त्यावर हात ठेवला.

किरटीचं बूड अंगठ्याएवढं. हे मनगटाएवढं होतं.

मावशींनी दुसरं चाचपलं, तिसरं चाचपलं. मग त्या थेट शेडमागच्या खताच्या खड्ड्याकडे गेल्या. जुन्या गोणपाटांखाली पाच ताटं आडवी होती. एक उचलून त्यांनी उभं धरलं. ते त्यांच्या डोक्यावरून हातभर वर गेलं. पानं रुंद, काळपट हिरवी, अंगावर तेज. असलं देखणं ताट किरटीच्या ओळीत निघतं ते एकाच कारणानं. त्याचा बाप परका असतो.

म्हणजे गेल्या हंगामात गोलटिंबाच्या हातून टोपी उशिरा बसली होती. रेशमाचे काही धागे आधीच बाहेर डोकावले होते आणि मावशींना ते दिसले नव्हते. ताजं रेशीम केसाहून बारीक, रंग जवळजवळ पाण्याचा. लेकानं आणून दिलेला चष्मा वर्षभर त्यांच्या कमरेच्या पिशवीत होता. चष्मा वाचणाऱ्यांसाठी असतो, आपल्याला काय वाचायचंय, असं त्यांनी तेव्हा सुनावलं होतं.

मावशी खड्ड्याच्या काठावर बसल्या. वारा छान होता. पाच ताटं खड्ड्यात, मॅडम उद्या पाहणीला येणार, आणि ओळीत आता वीस रोपं सारखीच्या सारखी उभी. गप्प बसलं तर गोलटिंब स्वच्छ होता.

सून शेडमध्ये कागदी टोप्यांना घड्या घालत होती. सासूच्या हातातलं ताट बघून तिच्या घड्या थांबल्या.

"हे कधी?"

"काल दुपारी, आई. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

"ओळखलंस कशावरून?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, किरटीत जी सुंदर दिसेल ती आपली नाही."

"हं. मग मला का नाही सांगितलंस?"

सुनेनं एक टोपी पुन्हा उलगडली. "तुमच्या ओळीत चूक आहे, हे तुम्हाला सांगायचं? मी?"

शेडच्या कोपऱ्यात पिशव्या मोजणारा गोदामवाला हसला आणि लगेच खोकला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बुडखे तसेच ठेवलेस. लपवायचं तरी नीट लपवावं. मॅडम ओळ मोजतात, पंचवीसची वीस झालेली त्यांना दिसली नसती? आणि उरलेल्या वीसांत अजून कोणी परकी लहान तोंड करून बसली असेल तर? ती उद्या आई व्हायची, आणि तिचं बियाणं गाडीभर बाहेर जायचं."

"मॅडम पाटी बघतील म्हणून कापली," सून हळूच म्हणाली. "तुमची खूण होती."

  ताट खांद्यावर टाकून मावशी प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढल्या. सून चार पावलं मागून आली.

मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोकं काढून ताटाकडे बघत राहिल्या.

"सतरावी ओळ," मावशी म्हणाल्या. "अशी पाच होती. हात माझा. टोपी उशिरा बसली. ओळ काढून टाका आणि माझी पाटीही काढा."

"किरटीच्या सहा ओळी आहेत मावशी. पाच पुरतील. शिवाय थंड खोलीत जुनं बियाणं आहे." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "ओळ काढा. पाटी कशाला? बाकीच्या पाच ओळींवरही तुमचीच खूण आहे. तो चष्मा कुठंय?"

मावशींनी कमरेची पिशवी सोडली. चष्मा सुपारीच्या भुग्यानं माखला होता. सुनेनं न विचारता तो घेतला, ओढणीला पुसला आणि परत दिला.

पुढचा तास दोघी सतरावी ओळ कापत होत्या. एका टोकाकडून मावशी, दुसऱ्या टोकाकडून सून. एकीचा घाव इकडून, दुसरीचा तिकडून. चष्म्यातून मावशींना पानांच्या शिरा दिसत होत्या, अठराव्या ओळीत पानाच्या बगलेतून वर येणारं इवलं कणीस दिसत होतं, आणि रेशीम फुटायला अजून दोन दिवस आहेत हेही. छान दिसत होतं सगळं. वर्षभर हे आपण कमरेला बांधून फिरत होतो, याचा त्यांना राग आला आणि मग हसूही आलं.

ओळीच्या मध्यावर दोघी समोरासमोर आल्या. शेवटचं ताट उरलं होतं. सुनेनं कोयता खाली घेतला आणि वाट पाहिली.

मावशींनी ते कापलं, धार पदराला पुसली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"ऐक. ओळखलंस, ते माझ्यासारखं. लपवलंस, ते गाढवासारखं. उद्यापासून टोप्या तू घालायच्या, पराग मी टाकीन, आणि माझ्या हातून काही चुकलेलं दिसलं की जागच्या जागी माझ्या तोंडावर सांगायचं, मी कितीही तोंड वाजवलं तरी. डबे हवे तिथं ठेव, तिथं मला विचारू नकोस. मॅडमना मी संध्याकाळी सांगते. तुझी खूण काय काढायची ते ठरवून ये, फक्त गोल काढू नकोस, गोल माझा आहे."