मास्टरांच्या आवाजाची एकुलती एक प्रत

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. आता माझ्यात काही उरलेलं नाही, तरी माझी हकीकत ऐकून घ्या.

मी साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठी. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या होत्या. त्या गरगर फिरत आणि अगदी जवळून, पण न टेकता, एक सुई त्यांच्यावर लिही आणि वाची. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे धुळीच्या कणालाही मज्जाव होता. एवढ्या लाडात वाढलेली मी शेवटी एका शिंप्याच्या दुकानात, चिंध्या आणि दोऱ्यांच्या गराड्यात येऊन पडले.

दुकान बापलेकीचं होतं. बापाला सगळे मास्टर म्हणत. मास्टर लेकीला ठकू म्हणत. ती कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने काढायची. दुकानात एक कडक नियम होता: आधीच्या कपड्याचा तुकडा न् तुकडा उचलून टेबल साफ झाल्याशिवाय नवं कापड पसरायचं नाही. नाहीतर एकाची बाही दुसऱ्याला जाते. हा नियम ठकूच्या अंगात लहानपणापासून मुरला होता.

माझ्या येण्याच्या थोडं आधी मास्टरांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज जाईल. ऑपरेशनला नऊ दिवस होते. ठकूने बापाला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यांचा आवाज भरून ठेवायला घेतला. मास्टर सुरुवातीला बुजले, मग सुटलेच. नऊ दिवसांत सतरा वेळा बोलले. कॉलर कशी बसवायची, ठकूच्या आईचा पहिला ब्लाउज आपण कसा बिघडवला आणि तरी तिने लग्नाला होकार कसा दिला, असं काय काय. त्यांना येणारं एकमेव गाणंही होतं, तेही बेसूर. सतराव्या वेळी त्यांनी ठकूला खोलीबाहेर पाठवलं. नंतर म्हणाले, "हे आत्ता नको ऐकूस. मी गप्प झाल्यावर ऐक."

मास्टर गप्प झाले. त्यानंतर ते शिंप्याच्या खडूने काळ्या कापडाच्या तुकड्यावर लिहीत आणि तळव्याने पुसून टाकत. त्यातही खोड्या काढत. "आता तरी गिऱ्हाइकाला माझं पटेल," असं त्यांनी एकदा लिहिलं होतं.

तेव्हा मी आले. ठकूने कपड्यांचे जुने नमुने आणि सतराही बोलणी माझ्यात उतरवून घेतली, बोलणी एकेक उघडून थोडी थोडी लावून पाहिली, फक्त सतरावं तेवढं उघडलं नाही. आणि मग, मित्रांनो, तिने टेबल साफ केलं! कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं. नव्या नमुन्यांना जागा हवी होती. "डिस्कवर आहे की," ती स्वतःशीच म्हणाली. ज्या क्षणी मला जादाची प्रत म्हणून आणलं, त्याच क्षणी मी एकुलती एक प्रत झाले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण माझं काम ठेवून घेण्याचं, बोलण्याचं नव्हे.

पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. दुपारी काम कमी असलं की ठकू मला कॉम्प्युटरला जोडून बापाचा आवाज लावायची. मास्टर शिवत असायचे आणि स्वतःच्याच बेसूर गाण्याला मान हलवायचे. सतरावं मात्र तसंच राहिलं. "एकदा निवांत ऐकेन," ती म्हणायची. मला वाटतं, ते ऐकलं की बाबांचं नवं बोलणं संपलं, याची तिला भीती वाटत होती.

मग कामं वाढली आणि माझा वापर कागदी नमुने उडू नयेत म्हणून वजनासारखा होऊ लागला. एका सकाळी ठकूने मला जोडलं, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिने घाईने कापडाचा तागा ओढला, त्यात माझी वायर अडकली आणि माझ्या चकत्या फिरत असतानाच मी फरशीवर आदळले. सुई चकतीला टेकली. पुन्हा जोडल्यावर माझ्या तोंडून नुसती टकटक निघाली. ठकूला राहवेना. तिने मला पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, दिवसभर लावत राहिली.

बिघडलेल्या डिस्कमधून डेटा परत काढून देणाऱ्या एक बाई होत्या, दोघं मला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी धूळ न शिरणाऱ्या काचेच्या पेटीत माझं झाकण उघडून दिवा धरला.

"पडल्यावर किती वेळा लावलीत?"

"वीस-पंचवीस वेळा असेल."

"ताई, पहिल्याच टकटकीला थांबायचं होतं. दर वेळी सुईने थोडं थोडं खरवडून काढलंय. दुसरी प्रत कुठाय?"

"नाही. मी... टेबल साफ केलं होतं."

बाईंना काही कळलं नाही. मास्टरांना कळलं. त्यांनी कापड काढून लिहिलं, "चूक माझी. नियम माझा होता." ठकूला ते वाचवेना.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. नमुने बरेचसे निघाले होते. सतरा बोलण्यांपैकी फक्त शेवटच्याचे अकरा सेकंद हाती लागले होते. बाईंनी ते लावले. खुर्ची कुरकुरली, कोणीतरी घसा खाकरला. मग मास्टरांचा आवाज आला, "ठकू, हे चालू झालंय ना गं? बरं, तू जा आता. दार लोटून घे." पुढे नुसती खरखर.

ठकू बाबांकडे वळली. मग म्हणाली, "बाबा, पुढे काय बोलला होतात? लिहून द्या ना."

मास्टरांनी खडू उचलला. तो कापडावर टेकवला, पुन्हा उचलला. शेवटी त्यांनी लिहिलं, "तेव्हा तोंडी आलं ते बोललो. लिहायला बसलो की येत नाही."

या खेपेला त्यांनी ते पुसलं नाही.

आता त्या अकरा सेकंदांच्या तीन प्रती आहेत. एक कॉम्प्युटरवर, एक नव्या डिस्कवर, एक ठकूच्या मावशीच्या घरी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मी दुकानाच्या खणात उघड्या झाकणाने पडून आहे. मित्रांनो, जे गेलं तर परत मिळणार नाही, ते एकाच जागी ठेवू नका. आणि कोणी तुमच्यासाठी काही बोलून ठेवलं असेल, तर निवांत वेळेची वाट पाहू नका. आजच ऐका.