योसेफला द्यायचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, आणि खरं सांगायचं तर स्वभावाने अगदी वैतागलेला कागद आहे. माझं वय ऐंशीच्या पुढे. या वयात कुणाला चटके देतात का? पण काही महिन्यांपूर्वी एका शुक्रवारी, दोह्याच्या अल गराफा भागातल्या एका घरात, मला गरमागरम यंत्रातून काढून प्लास्टिकमध्ये कायमचं कोंडायची तयारी झाली होती. तेही प्रेमाने! रागाने कुणी अंगावर आलं तर निदान त्याला नावं तरी ठेवता येतात. इथे तीही सोय नव्हती.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर माझा वैताग तुम्हाला कळायचा नाही.

माझा जन्म लाकडाच्या हलक्या लगद्यातून झाला. चित्रकार वापरतात तसा जाड, देखणा कागद मी कधीच नव्हतो. छापखान्यात माझ्या एका अंगावर रेघा मारून चार रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, आणि शेवटचा एक रकाना, ज्याला शीर्षकच नव्हतं. तिथून मला गठ्ठ्यात बांधून एका छावणीच्या कचेरीत पाठवलं. त्या वेळी युरोपात महायुद्ध चालू होतं आणि जर्मनीत नाझींचं राज्य होतं. ज्यू म्हणून जन्माला आले एवढ्याच गुन्ह्यासाठी त्यांनी माणसांना घरातून ओढून काढलं, छावण्यांमध्ये डांबलं आणि साठ लाख माणसं मारली. माझ्यासारख्या कागदांवर त्यांच्या याद्या व्हायच्या. कचेरीतला कारकून लाल मेणाच्या पेन्सिलीने शेवटच्या रकान्यात खूण करायचा. ज्याच्या नावापुढे खूण होई, तो दुसऱ्या दिवशी आगगाडीत चढवला जाई आणि परत येत नसे. माझ्या गठ्ठ्यातल्या भावंडांनी हेच काम केलं. ते आठवलं की मला कागद म्हणून जन्मल्याची लाज वाटते.

त्या कचेरीत हान्का नावाची एकोणीस वर्षांची कैदी मुलगी होती. प्रागमध्ये ती चित्रकला शिकत होती. हात चांगला म्हणून तिला नकाशे आणि तक्ते काढायला बसवलं होतं. एके दिवशी तिथल्या अधिकाऱ्याने आपल्या बायकोचा फोटो तिच्यापुढे टाकला आणि रंगीत चित्र काढायला सांगितलं. हान्काने फोटो नीट पाहिला. बाईंच्या गळ्याशी लेसची कॉलर होती, बारीक बारीक कड्यांची. हान्का रोज एकच कडी काढायची. चित्र संपलं की आपली गरज संपली आणि मग आपलं नावही यादीत जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कॉलर संपली तेव्हा अधिकारी खूश झाला आणि त्याने कुत्र्याचा फोटो आणला. मोठा केसाळ कुत्रा होता. त्याचा एकेक केस काढत हान्का तीन महिने जगली. कुत्र्याच्या केसांवर जीव जगवायची पाळी माणसावर यावी, याहून संताप आणणारं काय असेल, तुम्हीच सांगा!

तिच्या शेजारच्या फळीवर ओल्गा झोपायची. ओल्गा लेडेरोवा, शिवणकाम करणारी. तिचा सात वर्षांचा मुलगा योसेफ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी लपवलेला होता. एका संध्याकाळी कचेरीतून हान्काला कळलं की ओल्गाचं नाव यादीत आलंय, खुणेसकट. तिने ते ओल्गाला सांगितलं. ओल्गा रडली नाही. ती म्हणाली, "माझं चित्र काढ. योसेफ मोठा झाला की त्याला मी ओळखू यायला हवी."

त्यासाठी हान्काने मला चोरलं. नवा कागद हलला की करकरतो, म्हणून आधी तोंडाची वाफ देऊन तिने मला नरम केलं आणि सदऱ्याच्या आत पोटाशी धरून पहाऱ्यासमोरून चालत गेली. माझ्या पाठकोऱ्या अंगावर तिने पेन्सिलीने ओल्गाचा चेहरा काढला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीवरचा तीळ, सगळं काढलं. डोक्यावरचे केस कापून टाकलेले होते, म्हणून ओल्गा डोक्याला रुमाल बांधायची. त्या रुमालासाठी हान्काने कारकुनाच्या त्याच लाल मेणाच्या पेन्सिलीचं थोटूक वापरलं. छावणीत तेवढाच एक लाल रंग होता. सकाळी ओल्गा गेली. मी राहिलो.

युद्ध संपलं. हान्का वाचली. तिने त्या शेतकऱ्याचं गाव शोधलं, तर घर जळून गेलेलं आणि माणसं कुठे गेली ते सांगायला कुणी नाही. तिने पत्रं लिहिली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी थकली आणि नाशिकला आली. तिचा थोरला भाऊ युद्धाआधीच हिंदुस्थानात येऊन तिथे डॉक्टरकी करत होता. नाशिकच्या मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवू लागली आणि हान्काची हानाबाई झाली. तिचं मराठी मोडकंतोडकं, पण कागद चुरगळून फेकणाऱ्या मुलीला ती असं फाडफाड बोलायची की मुलगी जन्मभर कागद फेकायची नाही. सरोज ही तिची लाडकी विद्यार्थिनी. शेवटच्या आजारात हानाबाईंनी मला सरोजच्या हातात दिलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं: ओल्गा लेडेरोवा, शिवणकाम करणारी, मुलगा योसेफ. मग म्हणाल्या, "हा कागद माझा नाही. तुझा पण नाही. योसेफचा आहे. तू शोध."

आता खरा वैताग ऐका. सरोजने काय केलं? पहिल्या वर्षी चार पत्रं पाठवली. उत्तरं आली नाहीत. मग मुलगा गुरुप्रसाद लहान, घरचं सगळं करायचं, सासऱ्यांचं आजारपण. मला तिने एका साडीच्या खोक्यात घातलं आणि वर चार डांबरगोळ्या टाकल्या. मित्रांनो, मी चाळीस वर्षं त्या डांबरगोळ्यांच्या वासात काढली! ज्याला कुणाच्या तरी हातात पडायचंय त्याला तुम्ही पैठणीखाली ठेवता? दिवाळीला खोकं उघडायचं, मला वाटायचं आज आपला नंबर. सरोज मला हातात घ्यायची, डोळे पुसायची आणि पुन्हा आत ठेवायची. अहो, रडून काय होणार? शोधा की!

दोन वर्षांपूर्वी सरोजचे यजमान गेले आणि गुरुप्रसाद तिला दोह्याला घेऊन आला. तो गॅस कंपनीत इंजिनीअर. बायको आसावरी, मुलगी नुपूर तेरा वर्षांची. माणसं प्रेमळ, काही म्हणायला जागा नाही. मी सरोजच्या हँडबॅगेतून विमानाने आलो आणि तिच्या खोलीतल्या फळीवर एका फाईलमध्ये जाऊन बसलो. नेमका वर एसी. एसीला गळती. वाळवंटात येऊन मी भिजलो! माझा एक कोपरा ओला होऊन पिवळा पडला. सरोजने तो मुलाला दाखवला आणि तिथेच घात झाला.

कारण गुरुप्रसादला लॅमिनेशनचं वेड आहे. आखाती देशात राहणाऱ्या माणसाचा अर्धा जीव कागदपत्रांत असतो हे मला मान्य आहे, पण म्हणून किती? त्याच्याकडे घरी स्वतःचं यंत्र आहे. डिग्री लॅमिनेट, पत्रिका लॅमिनेट, नुपूरचं लसीकरणाचं कार्ड लॅमिनेट, एवढंच काय, आसावरीची उकडीच्या मोदकांची पाककृतीसुद्धा लॅमिनेट. मागे लग्नाचा दाखला लॅमिनेट करून शिक्का मारून घ्यायला गेला, तर खिडकीवरच्या माणसाने प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही म्हणून परत पाठवलं. त्यातूनही हा काही शिकला नाही.

त्या शुक्रवारी सकाळी सरोज आणि आसावरी भाजी आणायला गेल्या होत्या. आईला चकित करायचं म्हणून गुरुप्रसादने यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडलं, मला फाईलमधून काढलं आणि शेजारी ठेवलं. यंत्राचा हिरवा दिवा लागला. माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. ओल्गाचा रुमाल मेणाचा आहे हो! आणि गरम झालेलं मेण वितळतं, हे इंजिनीअरला मी सांगायचं?

पण मला तोंड नाही. मी नुसता पडून राहिलो.

गुरुप्रसाद मात्र शिस्तीचा. काहीही करायचं तर आधी ट्रायल घेणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद काढला. नुपूरने सहा वर्षांची असताना काढलेलं चित्र होतं ते. नाशिकच्या अंगणातली आजी, लाल साडीतली, हातात तुळशीला घालायचा तांब्या. सगळं तेलखडूने रंगवलेलं. गुरुप्रसादने ते प्लास्टिकमध्ये घालून यंत्रात सारलं.

दुसऱ्या बाजूने जे बाहेर आलं त्यात आजी उरली नव्हती. लाल रंग चेहऱ्यावर चढला होता, तांब्या आणि तुळस एकत्र पसरली होती, डोळे कुठे होते तेही कळेना.

"यल्ला, चला, टेम्परेचर जरा कमी करावं लागेल," गुरुप्रसाद स्वतःशीच म्हणाला आणि त्याने मला उचललं.

तेवढ्यात नुपूर पाणी प्यायला आली. तिने टेबलावर पाहिलं आणि किंचाळली. "बाबा! व्हॉट डिड यू डू? दॅट वॉज माय आजी!"

"अगं, जुनंच तर होतं. तू काढ ना दुसरं, मी आणून देतो रंग."

"आय वॉज सिक्स, बाबा! मी परत सिक्स कशी होणार?" ती रडायलाच लागली. मग तिचं लक्ष बापाच्या हाताकडे गेलं. तिने मला हिसकावून घेतलं आणि खिडकीशी नेऊन पाहिलं. रुमालाच्या कडेला नख हलकंसं टेकवलं. "बाबा, हे पण वॅक्स आहे. सेम थिंग होणार होतं." गुरुप्रसादने पाहिलं. त्याने यंत्राचा प्लग काढला आणि खाली बसला. चेहरा असा उतरला होता की मला त्याच्यावर नीट चिडताही येईना.

सरोज परत आली तेव्हा हे दोघे असे बसलेले. काय झालं ते कळल्यावर ती पोरावर कडाडली. "अरे, मला विचारायचं तरी! ते आपलं नाहीये. दुसऱ्याचं आहे, माझ्याकडे फक्त ठेवायला दिलंय."

"मग दिलं का नाहीस?" नुपूरने विचारलं. इंग्रजीत नाही, चक्क मराठीत विचारलं.

भाजीची पिशवी अजून सरोजच्या हातातच होती. मग खुर्चीवर बसून तिने सगळं सांगितलं. हानाबाई, लेसच्या कड्या, कुत्र्याचे केस, ओल्गा, योसेफ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. शेवटी म्हणाली, "चुकलंच माझं. घाबरले गं. मला वाटायचं, शोधलं आणि नाही सापडला तर? त्यापेक्षा कुठेतरी आहे असं धरून चालावं."

मी इतकी वर्षं तिच्यावर दातओठ खात होतो, आणि हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

नुपूरने माझे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. अशा हरवलेल्या माणसांची नावं जपणारं एक संग्रहालय तिने इंटरनेटवर शोधलं, आणि आजीने सांगितलेला शब्द न् शब्द लिहून पाठवला. योसेफ आता नव्वदीला टेकलेला असेल, असं सगळे धरून चालले होते. आसावरीने तर विचारूनही टाकलं, की तो दोह्याला येऊ शकेल का, की आपणच जायचं? गुरुप्रसाद तिकिटांचे भाव बघत बसला. घरात असा उत्साह मी कधी पाहिला नव्हता. आणि मी? मी तर पोहोचल्यातच जमा होतो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नुपूरने ते मनातल्या मनात वाचलं आणि लॅपटॉप तसाच मांडीवर धरून बसून राहिली. सरोज म्हणाली, "काय म्हणतायत? मला कळेल असं सांग."

ही मुलगी घरात सगळ्याला इंग्रजीतून उत्तर देणारी. पण आता ती एकेक मराठी शब्द शोधून बोलू लागली. "आजी, ओल्गाचं नाव त्यांच्याकडे आहे. फोटो नव्हता. ते थँक्यू म्हणतायत, कारण आता चेहरा मिळाला. आणि योसेफ..." ती थांबली. "त्या शेतकऱ्याच्या घरी त्याला पकडलं. तो पण ट्रेनने गेला, आजी. आईनंतर अकरा दिवसांनी."

सरोजने मला जवळ ओढलं आणि ओल्गाच्या हनुवटीवरच्या तिळाशेजारी बोट ठेवून बसली. मित्रांनो, मी ऐंशी वर्षं सगळ्यांवर चरफडलो. नेत नाहीत, देत नाहीत, शोधत नाहीत. आणि ज्याच्यापर्यंत पोहोचायची मला एवढी घाई होती, तो मुलगा माझ्यावर पहिला धूळकण बसायच्या आधीच गेला होता. हानाबाई गावोगाव फिरत होत्या तेव्हाही तो नव्हता. मला त्या दिवशी फार एकटं वाटलं.

आता मी एका चांगल्या खोक्यात असतो, एसीपासून लांब. महिन्यातून एकदा नुपूर हात धुऊन मला बाहेर काढते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी जुना कागद असेल. त्याला पाण्यापासून, उन्हापासून सांभाळा, आणि कृपा करून तो यंत्रात घालू नका. पण त्याआधी, ज्यांना त्याची गोष्ट माहीत आहे त्यांना ती विचारून घ्या, वाट बघू नका. आणि माझं एक काम करा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हनुवटीवर तीळ, डोक्याला लाल रुमाल, ही ओल्गा लेडेरोवा. तिला ओळखायचं काम योसेफचं होतं. ते आता तुम्ही करा.