वकीलबाईंचा चहा

त्या कचेरीत परिपत्रक कोणी वाचत नसे. वकीलबाईंचा चेहरा वाचत. विधी शाखेत त्या एकट्याच. नवा हुकूम निघाला की दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांचं लक्ष त्यांच्या कपाकडे. बाई निवांत चहा प्यायल्या, तर हुकूम बिनधोक. कप तसाच ठेवून उठल्या, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

या वेळचा हुकूम असा होता: आता राजीनामा द्या, घरी बसा आणि आठ महिने पगार घ्या.

बाईंनी साहेबांना खोलीत जाऊन स्पष्ट सांगितलं, "काम न करता पगार द्यायची तरतूदच नाही. कोर्टानं पगार अडवला तर लोकांची नोकरीही गेली आणि पैसेही."

"ऐकलं मी," साहेब म्हणाले. "बाहेर बोलू नका. तुमच्या बढतीचं माझ्याच हातात आहे."

बाई कँटीनमध्ये गेल्या आणि चहा प्यायल्या. शेवटच्या घोटापर्यंत.

आठवड्याभरानं धाकटा दीर घरी आला. तो त्याच कचेरीत नकाशे काढायचा. "वहिनी, देऊन टाकला राजीनामा. आता सुतारकामाचं दुकान टाकतो. बायकोला धाकधूक, कायदेशीर आहे ना म्हणून. म्हटलं, वहिनींनी कप चाटूनपुसून रिकामा केलाय."

भाजी चिरता चिरता बाईंची सुरी थांबली. "मंजूर झाला का, भाऊजी?"

"अजून नाही."

"मग उद्या आधी मागे घ्या. मंजुरीआधी घेता येतो. हे पैसे कोर्टात टिकायचे नाहीत."

दीर बघत राहिला. "तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."

बाईंनी सुरी खाली ठेवली.

"मी घरचा म्हणून मला सांगितलंत. बाकीच्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी बाई कँटीनमध्ये कपाला हात न लावता बसल्या. चहावर साय धरली तशी एकेक टेबल गप्प होत गेलं.

"राजीनामे मागे घ्या," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मंजूर व्हायच्या आत."

खुर्च्या सरकल्या. माणसं जिन्याकडे धावली.

म्हातारा ड्रायव्हर तेवढा उठला नाही. त्याचा राजीनामा पहिल्याच दिवशी मंजूर झाला होता. आज तो गाडीची किल्ली जमा करायला आला होता. मग तो सावकाश आला आणि बाईंचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"प्या ना, बाई," तो म्हणाला. "त्या दिवशी तर मजेत प्यायलात."

बाईंनी कप उचलला. तो तोंडापर्यंत जाईना.